मॉडेम ‘ओके’ म्हणतो तेव्हा नक्की काय म्हणत असतो?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. स्क्रॅपमधून एक जुना एक्स्टर्नल मॉडेम (फोनच्या लाईनवरून दोन कॉम्प्युटर जोडणारा डबा) मिळालाय, तो यूएसबी-सिरियल केबलनं लॅपटॉपला लावलास, आर्डुइनोच्या सिरियल मॉनिटरमधून एटी टाइप केलं तर कधी ओके येतं कधी काहीच येत नाही. घरच्या लाईनवर डायल केलं की नो डायलटोन. कॉलेजच्या इंटरकॉमवर मित्राच्या मॉडेमशी एकदा जोडलं गेलं, पण फोन ठेवायला एटीएच दिलं तर ती अक्षरं सरळ मित्राच्या स्क्रीनवर उमटली, आणि +++ चा उपाय करून बघितला तोही लागू पडला नाही. मी १९९४ पासून पंधराएक वर्षं हेच काम केलंय, बँकांच्या शाखा, साखर कारखाने, ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, जिथे जिथे रात्री फाईल पाठवायची असायची तिथे तिथे मॉडेम बसवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तू थर्ड इयरला आहेस म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो.

नो डायलटोन सोडलं तर तुझ्या बाकीच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. मॉडेमला कॉम्प्युटरकडून अक्षरं येण्याची वायर एकच, आणि त्या एकाच वायरवरून तू दोघांशी बोलतोस, कधी खुद्द मॉडेमशी आणि कधी मॉडेमच्या पलीकडे बसलेल्या माणसाशी. आता आलेलं अक्षर माझ्यासाठी आहे की पुढे पाठवायचं आहे हे मॉडेमला दर क्षणी ठरवावं लागतं. त्यासाठी त्याच्या दोन अवस्था असतात, कमांड मोड आणि ऑनलाईन मोड. कमांड मोडमध्ये तो तुझं ऐकतो, ऑनलाईन मोडमध्ये तो निव्वळ पोस्टमन, पाकिटात काय लिहिलंय ते वाचत नाही. तू ऑनलाईन असताना एटीएच टाइप केलंस, पोस्टमननं ते इमानदारीत पोचवलं. त्याची काही चूक नाही.

हे असं का केलं तर १९८१ साली हेज कंपनीनं स्मार्टमोडेम काढला, ३०० बिट्स पर सेकंदवाला. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन हे दोघं त्यामागचे. त्याआधीचं त्यांचं कार्ड ॲपल टूच्या आत स्लॉटमध्ये बसायचं, तिथे प्रोसेसर थेट कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहून सांगू शकायचा की लाईन उचल, नंबर फिरव. पण कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरला चालेल असा मॉडेम करायचा तर तो डब्यात बाहेर ठेवावा लागणार आणि सगळ्यांकडे सारखी गोष्ट एकच, ती म्हणजे आरएस-२३२ चा सिरियल पोर्ट. मग हुकूमही त्याच वायरवरून अक्षरांच्या रूपात द्यायचे असं ठरलं, हुकमाच्या आधी ‘अटेन्शन’ची दोन अक्षरं, ए आणि टी. मला आजही ही कल्पना फार सुंदर वाटते, कारण त्यात ड्रायव्हर नाही सॉफ्टवेअर नाही, अक्षर पाठवता येतं असं कुठलंही यंत्र मॉडेम चालवू शकतं. तू सिम८०० सारखं जीएसएम मॉड्यूल वापरलं असशील तर त्यालाही एटीच लागतं, आणि एसएमएसचा मजकूर संपला हे सांगायला शेवटी कंट्रोल-झेड द्यावं लागतं, म्हणजे मजकूर कुठला आणि हुकूम कुठला हा पेच तिथेही आहेच.

आता पहिली अडचण, कधी ओके कधी शांतता. सिरियल मॉनिटरच्या खाली लाईन एंडिंगचा एक ड्रॉपडाऊन आहे बघ. तो जर ‘न्यूलाईन’वर असेल तर एंटर दाबल्यावर जातो लाईन फीड, म्हणजे १० नंबरचं कॅरेक्टर. मॉडेमला हवा असतो कॅरेज रिटर्न, १३ नंबरचा, एस३ रजिस्टरमध्ये (मॉडेमच्या सेटिंगचा एक कप्पा) तोच लिहिलेला असतो. तो येईपर्यंत मॉडेम हुकूम पुरा झाला असं मानतच नाही, नुसता वाट बघत बसतो. ड्रॉपडाऊन ‘कॅरेज रिटर्न’वर ठेव. ‘दोन्ही’वर ठेवलं तरी साध्या कमांडना चालतं पण डायल करताना त्रास होऊ शकतो, कारण डायलिंग किंवा हँडशेक (दोन मॉडेमची आपसातली सुरुवातीची बोलणी) चालू असताना कॉम्प्युटरकडून एखादं अक्षर आलं की मॉडेम समजतो यानं बेत रद्द केला आणि फोन ठेवून देतो. नंतरच्या स्टँडर्डमध्ये एंटरनंतरच्या १२५ मिलिसेकंदांत आलेलं अक्षर दुर्लक्षित करायची सोय केली, पण स्क्रॅपमधला मॉडेम ती पाळेल याची खात्री धरू नकोस.

दुसरं कारण स्पीडचं असू शकतं आणि इथे एक फार छान गोष्ट दडलीय. तू पोर्ट ९६०० वर उघडलास की ११५२०० वर हे मॉडेमला कोणी सांगितलेलं नसतं, तो ते ‘ए’ या अक्षरावरून मोजतो. सिरियलमध्ये आधी एक स्टार्ट बिट जातो, तो शून्य. मग अक्षराचे बिट उलट्या क्रमानं, खालचा बिट आधी. कॅपिटल ‘ए’ म्हणजे १०००००१, त्याचा खालचा बिट १. म्हणजे लाईन आधी १ वर निवांत असते, स्टार्ट बिटला खाली जाते आणि लगेच पुढच्या बिटला वर येते. ही खालची खाच बरोब्बर एका बिटाएवढी रुंद असते, मॉडेम ती मोजतो, १०४ मायक्रोसेकंद भरली तर ९६००, पावणेनऊच्या आसपास भरली तर ११५२००. मग येतो ‘टी’, १०१०१००. ‘ए’मध्ये १ दोन वेळा आहे, ‘टी’मध्ये तीन वेळा, एक सम एक विषम, म्हणून दोन्हींच्या मागून आलेला पॅरिटी बिट (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) बघितला की पॅरिटी सम ठेवलीय, विषम ठेवलीय की ठेवलीच नाहीये तेही कळतं. दोन अक्षरांत स्पीडही समजला आणि पॅरिटीही. स्मॉल लेटरमध्येही हेच गणित जुळतं, म्हणून दोन्ही कॅपिटल किंवा दोन्ही स्मॉल चालतात, एक कॅपिटल एक स्मॉल असं बहुतेक मॉडेम घेत नाहीत. हे तुला स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) बघता येईल, लॅबमध्ये स्कोप असेल तर जरूर बघ, टीएक्स पिनवर प्रोब लाव आणि एकदाच ‘ए’ दाब.

एक गोष्ट मात्र लगेच तपास. तुझी केबल खरी आरएस-२३२ ची आहे ना, नऊ पिनांच्या कनेक्टरवाली? आर्डुइनोसोबत मिळतो तो छोटा यूएसबी-टीटीएल बोर्ड इथे लावायचा नाही. मॉडेमच्या पोर्टवर उणे आणि अधिक दोन्हीकडचे व्होल्टेज असतात, कधीकधी १२ व्होल्टपर्यंत, आणि लॉजिकही उलटं असतं. बोर्ड जळेल. आणि केबल सरळ हवी, नल मॉडेम केबल नको, कारण कॉम्प्युटर आणि मॉडेमच्या पिना मुळातच एकमेकांना पूरक ठेवलेल्या आहेत.

आता ओके आलं म्हणजे काय सिद्ध झालं? फक्त एवढंच की कॉम्प्युटर ते मॉडेम हा तुकडा ठीक आहे. लाईनबद्दल ओके काहीही सांगत नाही. पावसाळा सुरू झाला की मला दर वर्षी असे फोन यायचे, ‘साहेब मॉडेम चांगलाय, ओके देतोय, पण लागतच नाही.’ जाऊन बघावं तर वळवाच्या पहिल्या विजेत मॉडेमची फोनकडची बाजू गेलेली असायची, आतला प्रोसेसर ठणठणीत, एटीला लगेच उत्तर, एटीआय दिलं तर नाव-गाव सगळं सांगणार, पण लाईन उचलली की मुका. तेव्हा तपासायची सोपी रीत ही की एटीएच१ द्यायचं, त्यानं मॉडेम नुसती लाईन उचलतो, आतल्या रिलेचा टक् असा आवाज येतो. एटीएम२ आधी देऊन ठेवलं असेल तर स्पीकर सतत चालू राहतो आणि डायलटोन कानानं ऐकू येतो. टोन ऐकू आला तर हार्डवेअर ठीक. मग एटीएच देऊन लाईन खाली ठेवायची. एटीएच आणि एटीएच० एकच, आकडा नाही दिला तर मॉडेम शून्य धरतो.

तुझ्या नो डायलटोनचं कारण माझ्या मते यातलं नाहीये, कारण इंटरकॉमवर तोच मॉडेम चाललाय. आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झनं थरथरणारा असतो. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र. अमेरिकेसाठी सेट केलेला मॉडेम आपला टोन ऐकतो आणि त्याला तो टोन वाटतच नाही. काही ईपीएबीएक्सचा (ऑफिस-कॉलेजातलं अंतर्गत फोन एक्स्चेंज) टोन अमेरिकन जातीचा असतो, कॉलेजात बहुधा तोच चालून गेला. उपाय आहे एटीएक्स३, म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर, पण बिझी टोन मात्र ओळख. एक्स४ मध्ये दोन्ही ओळखायचं असतं, एक्स१ मध्ये दोन्ही सोडून द्यायचं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं इंटरनेट सुरू केल्यावर घराघरांत जे मॉडेम आले त्यातले कितीतरी आधी याच कारणानं अडले, आणि विंडोज ९५ मध्ये मॉडेमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’ नावाची एक रिकामी चौकट असायची त्यात एक्स३ लिहिलं की काम व्हायचं. ते लिहून दिलेले कागद लोक मॉनिटरला चिकटवून ठेवायचे. नंतरच्या मॉडेमना देशच सांगता येतो, एटी+जीसीआय=५३ म्हणजे भारत. तुझा घेतोय का बघ, एरर आलं तर एक्स३ आहेच. एटी&डब्ल्यू दिलंस की सेटिंग मॉडेमच्या मेमरीत जातं आणि पुढच्या एटीझेडला (मॉडेम रीसेट करायची कमांड) तेच परत येतं. काहीच सुचेनासं झालं तर एटी&एफ, फॅक्टरी सेटिंग.

एटीडीटी आणि पुढे नंबर दिलास की मॉडेम लाईन उचलतो, प्रत्येक आकड्यासाठी दोन सूर एकत्र वाजवतो, उदाहरणार्थ ५ ला ७७० आणि १३३६ हर्ट्झ. ईपीएबीएक्समधून बाहेर जायचं असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम टाक, तिथे तो दोन सेकंद थांबतो, किती थांबायचं ते एस८ मध्ये. एटीडीपी म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखं रिलेनं लाईन तोडत-जोडत, सेकंदाला दहा टकटक. पलीकडच्यानं उचललं की तो २१०० हर्ट्झचा एक लांब सूर देतो, त्यात साधारण दर ४५० मिलिसेकंदांनी फेज उलटते, ती उलटापालट ऐकून टेलिफोन कंपनीची इको कॅन्सल करणारी यंत्रं बाजूला होतात, कारण आता ते काम मॉडेम स्वतः करणार असतात. मग ३०० बिट्सच्या अगदी हळू भाषेत दोघं एकमेकांना सांगतात मला अमुक अमुक येतं, मग लाईन कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती दबते ते मोजतात, आणि शेवटी जी लांब खरखर ऐकू येते ना ती म्हणजे दोघांचं इक्वलायझर आणि इको कॅन्सलर त्या विशिष्ट लाईनला साजेसे होत असतात. ती खरखर थांबली म्हणजे गडबड मिटली असं नाही, एटीएम१ असेल तर कॅरियर (पलीकडच्या मॉडेमचा सततचा सिग्नल) मिळाल्यावर स्पीकर बंद होतो एवढंच. आवाज तसाच चालू असतो, घरातल्या कोणी दुसरं एक्स्टेंशन उचललं की त्यांच्या कानात तो जायचा आणि इकडे कनेक्शन तुटायचं.

कनेक्ट आलं की मॉडेम ऑनलाईन मोडमध्ये गेला. आता त्याला परत जागं कसं करायचं, तर +++. पण नुसतं +++ पुरेसं असतं तर +++ लिहिलेली कुठलीही फाईल पाठवताना कॉल अडखळला असता. म्हणून हेजनं आजूबाजूची शांतता मोजायला सांगितली. आधी एक सेकंद काहीही नाही, मग तीन प्लस पटापट, मग परत एक सेकंद काहीही नाही. तेव्हाच ओके. हा वेळ एस१२ मध्ये असतो, एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, म्हणून तिथे ५० दिसेल. आता तुझं काय झालं ते कळलं का? तू +++ टाइप करून एंटर दाबलास. सिरियल मॉनिटर तर एंटर दाबल्याशिवाय काही पाठवतच नाही, आणि पाठवताना मागून कॅरेज रिटर्न जोडतो. म्हणजे तिसऱ्या प्लसनंतर लगेच चौथं अक्षर गेलं, शांतता मोडली, आणि पोस्टमननं सगळं पाकिटासकट पुढे दिलं. ड्रॉपडाऊन ‘नो लाईन एंडिंग’ वर कर, एक सेकंद थांब, +++ पाठव, हात बाजूला ठेव. ओके आलं की ड्रॉपडाऊन परत ‘कॅरेज रिटर्न’ वर आणि मग एटीएच. त्यापेक्षा पुट्टी हा टर्मिनल प्रोग्राम वापर, तिथे की दाबली की अक्षर लगेच जातं.

या शांततेवर हेजचं पेटंट होतं. रॉयल्टी नको म्हणून काही कंपन्यांनी शांतता न मोजणारी पद्धत काढली, तीन प्लस, लगेच एटी, त्यापुढे कमांड आणि एंटर, एवढं सलग दिसलं की कमांड मोड. त्याचा परिणाम काय झाला तर १९९० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी लोकांच्या लक्षात आलं की कोणालाही एक पिंग (कॉम्प्युटर जागा आहे का विचारणारं इंटरनेटवरचं पॅकेट) पाठवायचं ज्याच्या पोटात +++एटीएच० आणि एंटर हीच अक्षरं भरलेली आहेत, त्याचा कॉम्प्युटर पिंगचं उत्तर म्हणून तीच अक्षरं परत पाठवणार, ती त्याच्याच मॉडेममधून बाहेर जाताना मॉडेमला हुकूम वाटणार आणि फोन बंद. अशा वेळी एस२=२५५ द्यायचं, म्हणजे एस्केपचं (कमांड मोडमध्ये परत आणणारं) अक्षरच रद्द. एका सेकंदाची शांतता किती मोलाची होती ते यावरून समजतं.

पण प्रॉडक्शनमध्ये +++ वर मी कधीच अवलंबून राहिलो नाही. त्यासाठी वेगळी वायर आहेच, डीटीआर. कॉम्प्युटरनं पोर्ट उघडला की ती वर, बंद केला की खाली. एटी&डी२ असेल तर डीटीआर पडताच मॉडेम फोन ठेवतो, त्यात गैरसमजाला जागाच नाही. हे मी एका बँकेच्या तालुक्याच्या शाखेत शिकलो. दिवसअखेरीची फाईल रात्री ११ नंतर पाठवायची, कारण तेव्हा एसटीडी पाव दरात. पहिल्या आठवड्यात सगळं छान, फाईली पोचत होत्या, मग मॅनेजर साहेबांनी सकाळी दहाला बोलावून सांगितलं की ऑफिसचा फोन सकाळपासून एंगेज लागतोय. जाऊन बघतो तर मॉडेमवर ओएच (लाईन उचललेली) आणि सीडीचे (कॅरियर मिळतोय) दिवे जळताहेत, डेटाचे दिवे बंद. कॉल आदल्या रात्रीपासून चालू होता. प्रोग्राम फाईल पाठवून नुसता पोर्ट बंद करून मोकळा व्हायचा आणि मॉडेम होता &डी० वर, म्हणजे डीटीआरकडे लक्षच द्यायचं नाही. दोन मॉडेम एकमेकांना कॅरियर देत रात्रभर बसले होते, डेटा नसला तरी कॅरियर चालूच राहतो. त्यादिवशी &डी२ आणि &सी१ करून &डब्ल्यू केलं, आणि त्यानंतर बसवलेल्या प्रत्येक मॉडेमवर हात लावायच्या आधी एटी&व्ही करून ही दोन सेटिंग बघायची सवय लागली. &सी१ म्हणजे सीडीची वायर खऱ्या कॅरियरप्रमाणे वर-खाली होते, नाहीतर प्रोग्रामला वाटत राहतं कनेक्शन आहे.

येणारे कॉल घेणाऱ्या मॉडेमला एस०=१ द्यायचं, म्हणजे पहिल्या रिंगला स्वतःहून उचलतो. त्यावर ई० (आलेली अक्षरं परत पाठवायची नाहीत, म्हणजे इको बंद) आणि क्यू१ (ओकेसारखी उत्तरं बंद) सुद्धा द्यायचं. युनिक्सच्या मशीनवर लॉगिनवाला प्रोग्राम पोर्टवर ‘लॉगिन’ असं लिहितो, मॉडेमचा इको चालू असेल तर तेच त्याला परत येतं, त्याला वाटतं कोणीतरी नाव टाइप केलं, तो पासवर्ड मागतो, तेही परत येतं, दोन यंत्रं रात्रभर एकमेकांशी बोलत बसतात. तुला कमांड मोडमध्ये दिसणारी अक्षरंही मॉडेमच परत पाठवत असतो. ती दुप्पट दिसली तर टर्मिनलचा लोकल इको बंद कर.

कनेक्ट ११५२०० दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, तो बहुतेक वेळा कॉम्प्युटर ते मॉडेम हा स्पीड असतो. रॉकवेल चिपचे मॉडेम एटीडब्ल्यू२ दिल्यावर लाईनचा खरा स्पीड सांगतात. तुम्हा दोघांमध्ये ५६के कधीच मिळणार नाही, ३३६०० हीच कमाल, तीही लाईन चांगली असेल तर. ५६के ला पलीकडची बाजू एक्स्चेंजला डिजिटलच जोडलेली असावी लागते. एक्स्चेंज सेकंदाला ८००० नमुने घेतं, त्यातले वापरता येण्यासारखे ७ बिट धरले की ५६०००, आणि मधे दुसऱ्यांदा ॲनालॉगचं डिजिटल झालं की त्या आकड्यावर पाणी.

घरी फायबरवरचा लँडलाईन असेल तर एक्स३ नंतर डायल होईल, पण हँडशेक टिकेलच असं नाही, कारण आवाज पॅकेटमधून जातो आणि एखादं पॅकेट उशिरा आलं की फेजचं गणित बिघडतं. एटी+एमएस नं स्पीड २४०० वर बांधून बघ, खालच्या स्पीडला बरंच सहन होतं. त्यापेक्षा तुझा आणि मित्राचा मॉडेम एका फोनच्या वायरनं थेट जोड, मधे एक्स्चेंज नको. तू एटीएक्स१डी दे, लगेच मित्रानं एटीए द्यायचं. बरेच मॉडेम लाईनवर व्होल्टेज नसतानाही जोडले जातात, तुमचे नाही जुळले तर परत इंटरकॉम आहेच. कनेक्ट आलं की चार ओळी इकडच्या तिकडे टाइप करा, मग एक सेकंद थांबून +++, आणि ओके दिसल्यावर एटीएच घाईनं देऊ नकोस. आधी एटीओ दे. कॉल तुटलेला नसतो, तू परत मित्राच्या स्क्रीनवर असशील.